थांबा भाऊ, पट्टा चालू हाय

बल्लारपूरच्या स्टेशनवर डिसेंबरातलं धुकं अजून उठलं नव्हतं. मावशीला गाडीत बसवून खुशबू रामटेके फलाटावरून वळली, तर समोर एक तरुण उभा. पाठीला लॅपटॉपची बॅग, नाकाला रुमाल आणि डोळे भेदरलेले.

"इथं गॅस वगैरे गळालाय का हो?" त्यानं विचारलं.

खुशबूला हसू आवरेना. "गॅस नाई भाऊ, कागदाचा कारखाना हाय थो. आमच्या गावचा वास हाय. दोन दिवसांत सवय होते."

"दोन दिवस जगलो तर!"

त्याला गडचांदूरची बस हवी होती. तिलाही तीच. राजुऱ्याच्या पुढं दोघांना शेजारी जागा मिळाली, रुमाल हळूहळू खाली आला आणि चेहरा दिसला. चेहरा बरा होता. बरा म्हणजे... खुशबू मुकाट्यानं खिडकीबाहेर पाहू लागली, इतका बरा होता.

कुलदीप ओव्हाळ त्याचं नाव. पुण्याच्या एका कंपनीत तो संगणकावरचे धडे बनवायचा. गडचांदूरजवळच्या सिमेंट कारखान्यानं कामगारांना सुरक्षा शिकवण्यासाठी त्या कंपनीला काम दिलं होतं. सीडी लावायची, चित्रं बघायची, आवाज ऐकायचा आणि शेवटी प्रश्न सोडवायचे, असा सगळा नव्या जमान्याचा थाट.

"पण तिथं एक आर. खुशबू मॅडम आहेत," तो उसासा टाकून म्हणाला. "सारखा धडा परत पाठवतात. मेलमध्ये नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसत्या चुका! पन्नाशीच्या असणार. जाड चष्मा. घरच्यांनाही धारेवर धरत असणार."

"असन," खुशबू गंभीरपणे म्हणाली. "लय खडूस बाई हाय म्हणते लोकं."

कारखान्याच्या फाटकाशी तिनं पर्समधून ओळखपत्र काढून गळ्यात अडकवलं. त्यानं ते वाचलं. त्याचा चेहरा असा काही झाला की वॉचमननं त्याला पाणी विचारलं.

"नमस्कार," ती म्हणाली. "चमत्कार नंतर."

प्रशिक्षण खात्यात लागल्यापासून खुशबूवर सोपवलेलं हे पहिलंच मोठं काम. बाहेरच्या कंपनीकडून ते वेळेत आणि धड करून घ्यायचं होतं. म्हणून तिनं कुलदीपसमोरच पहिला धडा पत्रूभाऊंना दाखवला. पत्रूभाऊ दगड वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरचे जुने कामगार. त्यांनी हेडफोन कानाला लावले. आतून एक मंजुळ पुणेरी आवाज आला, "अहो, कृपया कार्यरत वाहकपट्ट्याच्या समीप जाऊ नका."

पत्रूभाऊंनी दचकून हेडफोन काढले. "पोरी, हे बाई मले 'अहो' काऊन म्हणून राह्यली? माही बायको हाय का थे?"

सगळ्यात आधी कुलदीपच हसला, पोट धरून. स्वतःच्या कामावर असं हसणारा माणूस खुशबूनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं पेन घेतलं, 'अहो'वर काट मारली आणि त्या जागी लिहिलं, थांबा भाऊ.

नवा आवाज इथल्याच बोलीत हवा, हे ठरलं. पण कुणाचा?

"हिचाच घ्या," पत्रूभाऊ म्हणाले. "हे ओरडली का अख्खं खातं थांबते."

विश्रामगृहाच्या कोठीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी ध्वनिमुद्रण केलं. खडी फोडणाऱ्या यंत्राचा आवाज बाहेर राहिला आणि आत एक दिवा, दोन खुर्च्या अन् एकमेकांचे श्वास. कुलदीपनं बोट वर केलं की तिनं बोलायचं, खाली केलं की थांबायचं.

"थांबा भाऊ! पट्टा चालू हाय."

"पुन्हा एकदा. थोडं हळू... जवळच्या माणसाला सांगतो तसं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "थांबा भाऊ... पट्टा चालू हाय."

बोट वरच राहिलं.

"चुकलं का?"

"नाही," तो म्हणाला. "चुकलं नाही. मीच... विसरलो, बोट खाली करायला."

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना त्यानं कपात बघत विचारलं, "तुम्ही मला रोज भाऊ का म्हणता?"

"काऊन जी? भाऊले भाऊ नाई म्हणाव तं काय म्हणाव?"

झालं! आमच्याकडे कंडक्टर भाऊ, भाजीवाला भाऊ, डॉक्टरही भाऊच. त्यात राखीचा दोरा कुणी शोधत नाही. पण पुण्याच्या पोराला हे कोण सांगणार? त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून 'खुशबू'ची पुन्हा 'मॅडम' झाली. खुशबू आपली विचार करत राहिली, माझं काय चुकलं?

आणि मग तिनं एक लबाडी केली. धडे उत्तम झाले होते. तरी ती खोट काढू लागली. हेल्मेटचा पिवळा रंग फिकट आहे. चित्रातल्या कामगाराची मिशी जरा जास्तच झुपकेदार आहे. मोठ्या फाइली मेलनं जात नसत, त्यामुळं दर दुरुस्तीला कुलदीपला स्वतः यावं लागे. तो यायचा, मिशी कातरायचा, "आणखी काही, मॅडम?" विचारायचा आणि जायचा. एवढ्याशा भेटीवर ती आठवडेच्या आठवडे काढायची.

मार्च लागला. राजुऱ्याच्या वाटेवर मोह फुलला. बसमध्ये तो गोड, गुंगवणारा वास शिरला की खुशबूचे डोळे आपोआप मिटत. मिटल्या डोळ्यांपुढं एक बोट वर झालेलं दिसे... खाली यायचं विसरलेलं. कंडक्टर "गडचांदूर, गडचांदूर!" ओरडायचा, तेव्हा कुठं ती जागी व्हायची. प्रेमात पडलीस बाई, ती स्वतःलाच सांगायची आणि स्वतःलाच लाजायची.

एके सकाळी तिचे साहेब, श्रीहरी डोंगरे, वैतागून म्हणाले, "हे पुणेवाले काई सुधरत नाईत. थ्या ओव्हाळले त्याच्या कंपनीनं सांगतलं म्हणे, या खेपेले मंजुरी नाई आणली तं नोकरीवर येऊ नको."

खुशबूसमोर दोनच वाटा उरल्या. मंजुरी दिली तर तो पुन्हा येणार नाही. नाही दिली तर तिच्या हौसेपायी त्याची भाकरी जाणार.

"साहेब," ती म्हणाली, "चुका त्यायच्या नाईत. मीच काढत होती. उगाचच."

"काऊन?"

तिनं मान खाली घातली. डोंगरेसाहेबांना दोन मुली होत्या. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजच मंजुरी दे. आन् त्याच्या कंपनीले फोन करून सांग, उशीर आमच्याकडून झाला."

दुपारी कुलदीप आला, ओढलेल्या चेहऱ्यानं. तिनं धडा उघडलाही नाही. "मंजूर."

"मिशी?"

"मिशी सुंदर हाय," ती म्हणाली आणि मंजुरीच्या कागदावर सही केली.

ती त्याला सोडायला स्टेशनवर आली. कामाचं म्हणून कसंबसं दोघं बोलले, मग तेही संपलं. वर्ध्याकडे जाणारी गाडी लागली. दारात उभा राहून तो एकदम म्हणाला, "जाताना सांगून टाकतो. आमच्याकडे मुलीनं एकदा भाऊ म्हटलं की पुढं काही विचारायची सोय राहत नाही. नाहीतर... मी विचारणार होतो."

शिट्टी झाली. गाडी हलली.

खुशबूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढासा शब्द! "थांबा—" ती ओरडली. सवयीनं पुढचा शब्द ओठांवर आला, तो तिनं गिळला. आणि काही महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं काट मारलेला शब्द तिच्या तोंडून निघाला.

"अहो... थांबा!"

कुलदीपनं बॅग टाकली आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. फलाटावर धडपडला, सावरला, उठला.

"चालत्या गाडीतून उतरतात का?" ती रडत रडत रागावली. "तुमाले सुरक्षेचे धडे कोणं शिकवले?"

"तुम्हीच." तो धापा टाकत होता. "पण आधी काय म्हणालात, ते पुन्हा म्हणा. थोडं हळू... जवळच्या माणसाला सांगतात तसं."

वारा फिरला आणि कागदाच्या कारखान्याचा वास फलाटभर पसरला. त्याचा रुमाल खिशातच राहिला. त्यानं हळूच एक बोट वर केलं.

"अहो," ती म्हणाली.

आणि पुण्याचा कुलदीप ओव्हाळ आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलला.

"काऊन जी?"