डबलसीट

बंद मोटारसायकल सुरू करायला मंत्र लागत नाही, प्लग साफ लागतो, असं शाम म्हणायचा. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळ त्याचं गॅरेज. तेव्हा त्यानं म्हटलेलं खरंच मानायचं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो घाटंजीकडच्या आपल्या तांड्यावर आला, तो पाने-पक्कड घेऊनच. बापाची, देवसिंगची, राजदूत मोटारसायकल अकरा वर्षं गोठ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांखाली पडून होती. देवसिंग बाजारातून येताना नाल्यावर गाडी स्टँडला लावून कुठं गेला, ते कोणालाच कळलं नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून शामच्या आईनं, मानीबाईनं, त्याचे दिवसही घालू दिले नाहीत.

आता म्हातारी एकटी. महिन्याभरापूर्वी चुलीपाशी भोवळ येऊन पडली, तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. शामला तिला यवतमाळला न्यायचं होतं, आणि ती हटून बसलेली. घरातलं बोलणं गोरमाटीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, आपण आपल्या बोलीत सांगू.

"तुहा बापू आला अन् घर बंद दिसलं, त कोठी जाईन तो?"

शेवटी गेल्या खेपेला तीच म्हणाली होती, "त्याच्या गाडीवर नेशीन त येतो."

म्हणून त्या रविवारी शाम कामाला लागला. एअर फिल्टरमधून उंदराचं घरटं निघालं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला. त्यानं कार्बोरेटर धुतला, नवे टायर चढवले, ऑइल मिसळून दोन लिटर पेट्रोल ओतलं. किका मारून मारून पोटरी भरून आली, तेव्हा कुठं गाडी खोकली आणि निळा धूर सोडत सुरू झाली. मानीबाई ओट्यावर आली. तोंडाला पदर लावून नुसती ऐकत राहिली.

"सामान बांध, याडी. मी चक्कर मारून आलो," शाम आईला म्हणाला.

दिवस कलला होता. वावरात चिटपाखरू नव्हतं. नाल्यापर्यंत गाडी झकास गेली. तिथं तो थांबला आणि टाकीवर हात ठेवून म्हणाला,

"बापू, गाडी चालू झाली तुही… चाल घरी."

माणूस हरवलं त्या जागी असं बोलावू नये, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शामच्या तोंडून निघून गेलं.

निघताना मागचा शॉकअप करकरला अन् दबला. गाडी जड झाली. ब्रेक धरला असेल म्हणून त्यानं उतरून चाक फिरवलं. चाक भिंगरीसारखं फिरलं. पुन्हा बसला, तर पुन्हा तेच. चढावर गाडी रडायला लागली. मागं बसलेलं माणूस चालवणाऱ्याच्या पाठीला कळतं. वळणावर ते ओझं माणसासारखं कलत होतं. ओल्या गाळाचा वास येत होता. शामला भीती वाटली, पण त्याहून बरं वाटलं. बापू आला होता.

मानीबाई गाठोडं घेऊन दारात उभी होती. गाडी जवळ आली तशी ती मागं सरकली.

"बस ना, याडी."

"कोठी बसू?" ती हळूच म्हणाली. "हा… कोण आणला मांगं?"

"बापूच असन…"

"तीस वर्सं संसार केला मी, शाम. हा तुहा बापू नोहे." तिचा आवाज अगदी शांत होता. "मांगं पाहू नको. जेथून आणला तेथं नेऊन सोड. अन् आयक… तो उतरल्याबिगर तू उतरू नको. तुहा बापू पयले उतरला असन."

शाम वळला. नाल्यावर येऊन त्यानं गाडी बंद केली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसून राहिला. अंधारायला लागलं. मागचा शॉकअप दबलेलाच होता.

"उतरा…" तो म्हणाला.

शॉकअप वर आला नाही. फक्त गाळाचा वास थोडा पुढं सरकला.

तिकडं घरी मानीबाई गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, नाल्यापाशी थांबलेला गाडीचा आवाज पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत.