पुलापलीकडे

मामांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली. सांगताना सगळा वेळ ते जमिनीकडे बघत होते. थापा मारणारा माणूस असा खाली बघत नाही, म्हणून मी ती खरी मानतो. तुम्ही मानायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

वेळ उन्हाळ्यातली, भर दुपारची. जागा चौकातली, मामांच्या टपरीसमोरची.

मामा किल्ल्या बनवायचे. कुणाचं कुलूप अडकलं की घरी जाऊन उघडून द्यायचे. त्यामुळे सगळं शहर त्यांच्या डोक्यात कुलपांवरून बसलेलं. रस्त्यांची नावं त्यांना ठाऊक नसत. "पितळी कुलूपवाल्या डॉक्टरांच्या पुढं, गंजक्या फाटकाला वळा," असा त्यांचा पत्ता. आणि माणूस बरोबर पोहोचायचा! चौकात सगळे त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणत. मामांची छाती फुगायची.

फक्त पुलापलीकडे त्यांचं डोकं कोरं होतं. तिकडची वस्ती नवी. तिकडून कधी बोलावणंच आलं नव्हतं.

पण हे कबूल कोण करतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दुपारी एक म्हातारी आली. हातात डबा, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

"बाळा, नवं बाळंतपणाचं हॉस्पिटल कुठं रे? पोरगी अडलीये माझी."

मामांना माहीत नव्हतं. पण शेजारचा झेरॉक्सवाला ऐकत होता. चहावालाही ऐकत होता.

मामांनी ऐटीत हात वर केला. "पूल ओलांडा, डावीकडे वळा, सरळ जा. समोरच दिसेल."

फट... फट... चप्पल ओढत ती गेली. डब्याचं झाकण बराच वेळ वाजत राहिलं.

डावीकडे होती बंद पडलेली गोदामं. मैलभर नुसती भिंत. ना सावली, ना माणूस.

दोन दिवसांनी झेरॉक्सवाल्यानं बातमी आणली. म्हातारी त्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. उन्हानं गेली. तिची मुलगीही वाचली नाही. शेवटपर्यंत "आई आली का?" एवढंच विचारत होती म्हणे.

"रस्ता तुम्हीच सांगितला होता ना?"

"मी बरोबरच सांगितला," मामा म्हणाले. "तीच चुकली असेल."

मेलेल्या बाईवर ढकलून मोकळे झाले. पण मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी किल्ली घासताना त्यांनी स्वतःचं बोट कापून घेतलं.

आठवडाभरानं, पुन्हा भर दुपारी...

फट... फट...

मामांनी मान वर केली. रस्ता रिकामा होता.

झाकण मात्र अगदी कानाशी वाजलं.

"बाळा, नवं बाळंतपणाचं हॉस्पिटल कुठं रे?"

टपरीच्या फळीपलीकडे ती उभी होती. मामांना ओरडायचं होतं, पण सवय वाईट. हात आपोआप उठला... पुलाकडे. डावीकडे.

"कुणाला रस्ता सांगताय?" चहावाला हसला.

समोर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी मामा घरी निघाले आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबले.

डावीकडे की उजवीकडे?

रोजचा रस्ता. आठवेना! कुणाला विचारायचं, तर चौकशी खिडकीनं घराचा रस्ता विचारायचा? लाजेनं ते तिथेच कट्ट्यावर बसून राहिले. शेवटी मामी शोधत आली.

मग ती रोज येऊ लागली. खरं सांगायला मामांची जीभ रेटत नव्हती. रोज हात उठायचा आणि रोज शहराचा एक तुकडा डोक्यातून जायचा. पितळी कुलूप गेलं. गंजकं फाटक गेलं. बाजार गेला.

एके दिवशी मामांनी हात उचललाच नाही.

"आजी, मला माहीत नाही हो," ते रडत म्हणाले. "तेव्हाही माहीत नव्हतं. थांबा, विचारतो."

सगळ्या चौकासमोर त्यांनी झेरॉक्सवाल्याला विचारलं. म्हातारी गेल्यापासून तो रस्ता चौकात प्रत्येकाला पाठ झाला होता. विचारला नव्हता तो फक्त मामांनी.

"पूल ओलांडून उजवीकडे," तो मान खाली घालून म्हणाला. "पाच मिनिटं."

मामा टपरी उघडी टाकून निघाले. मागून फट... फट... येत होतं.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी आवाज थांबला.

"या आजी. आलं बघा."

मग अगदी हळू...

"आता तिथं कोण आहे रे माझं?"

मामा वळले. रस्त्यावर कुणी नव्हतं.

त्यानंतर ती कधी दिसली नाही. पण गेलेलं शहरही परत आलं नाही. मामांच्या डोक्यात आज एकच रस्ता उरलाय. चौक, पूल, उजवीकडे. बाकी सगळीकडे मामी त्यांना हात धरून नेते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. असेलही.

परवा मी मामांसोबत टपरीवर बसलो होतो. एका माणसानं मला पत्ता विचारला. मला माहीत नव्हता, पण माझा हात वर जाऊ लागला...

मामांनी तो घट्ट धरला.

"माहीत नाही म्हण," ते कुजबुजले.

मी म्हटलं. माणूस निघून गेला.

आणि शेजारी कुणाच्याच हातात डबा नसताना... झाकण वाजलं.