तिनं एकदाच विचारलं

लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्यानं निघाली, तर वळणाच्या पायरीवर तो आडवा पसरलेला. मांडीवर लॅपटॉप, शेजारी थर्मासचं झाकण, आणि चेहरा असा की घरातलं कुणी गेलंय.

"वाट द्या," ती म्हणाली.

"हे थांबलं की देतो."

"कधी थांबेल?"

"थांबत नाही... तेच तर दुखणं आहे."

ऑफिसात त्याला घुम्या म्हणायचे. काम कर्नलचं – संगणकाच्या मुळाशी बसून बाकी सगळ्या प्रोग्रॅमना वळण लावणारा तो प्रोग्रॅम. त्यातले खड्डे कुठे आहेत ते याला ठाऊक, पण लिहायला सांगितलं की हाताला लकवा. म्हणून त्याचं पुस्तक लिहून काढायला तिला आणलेलं. दुसऱ्याची वाक्यं बिनदिक्कत छाटायची, त्यामुळे आठवड्याच्या आत तिचं नाव पडलं खोडरबर.

"म्हणजे तुमच्याकडेच यायचं होतं मला," म्हणत ती खालच्या पायरीवर बसली. "सांगा. मला समजलं नाही तर चूक तुमची."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. आणि घुम्या बोलायला लागला.

एक लूप, म्हणजे त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा चालवणारं चक्र, एका खुणेची वाट बघत फिरत होतं. खूण बदलली की थांबायचं, एवढंच त्याचं काम. खूण बाहेरून कुणीतरी केव्हाच बदलली होती. पण कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा, तो पडला अतिशहाणा. त्यानं पाहिलं, इथे खुणेला हात लावणारं कुणी नाही. मग दर फेरीला वाचायची कशाला? एकदाच वाचली आणि ध्यानात ठेवली. आता लूप जुन्याच उत्तरावर गरगरतंय, बिचारं.

"आगाऊच आहे मेला," ती म्हणाली.

"हुशार आहे. हुशारीच नडते."

लिफ्ट दुरुस्त झाली. तरी ती जिन्यानंच यायची. तोही तिथेच बसायचा, वर जागा असताना. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीनं चहा आणि एकाच संगणकात शेजारी शेजारी राबणाऱ्या दोन प्रोसेसरांच्या गोष्टी.

"एकानं आधी सामान ठेवलं, मग दिवा लावला," तो सांगायचा. "शेजारच्याला मात्र दिवा आधी दिसतो, सामान नंतर. धावत येतो तर हाताला काहीच लागत नाही. म्हणून मध्ये अडसर घालायचा... हे पहिलं, मगच ते दुसरं. आणि तो दोन्हीकडे लागतो. एकट्यानं पाळून भागत नाही."

"दोघांनी पाळायचं? मग हा संसारच झाला की." ती झाकणाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होती. "तू करणार का कधी?"

तो हसला नाही. "आई अंथरुणाला आहे. तिचं सगळं मीच करतो. लग्न या जन्मात नाही."

तिनं मान हलवली. झाकण परत दिलं. आणि ते उत्तर मनात पक्कं बसवून टाकलं.

त्यानंतर वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. प्रेम तर बसलंच होतं, ते का विचारून बसतं? ती प्रकरणं मुद्दाम लांबवायची. झालेली उदाहरणं मोडून पुन्हा मांडायची. तो समोर बसलेला हवा, बाकी काही मागायचं नाही. मागून उपयोग काय, उत्तर तर माहीत होतं.

एकदा तो म्हणाला, "ताई आलीय. कायमची. आईचं आता तीच बघते."

"बरं झालं," ती म्हणाली.

मग एकदा, "हल्ली संध्याकाळी मोकळाच असतो मी..."

"मग तिसरं प्रकरण तपासून दे ना."

त्यानं दिलं तपासून.

शेवटचं प्रकरण संपलं त्या दिवशी तो झाकण नुसतंच फिरवत बसला होता. "सोमवारपासून रजेवर आहे. लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं. ताईच्या जावेची बहीण."

खाली कुणीतरी दार आपटलं.

"तू तर नाही म्हणाला होतास. इथेच."

"ते तेव्हा."

"बदललं कधी?"

"ताई आली तेव्हा. सांगितलं की तुला."

"ताई आली एवढंच सांगितलंस, गाढवा. तोंड नव्हतं सरळ विचारायला?"

"संध्याकाळी मोकळा असतो म्हणालो..." तो झाकणाकडे बघत म्हणाला. "तू प्रकरण हातात दिलंस. मला वाटलं, हे उत्तरच आहे."

संतापानं तिचे कान तापले. त्याच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. अख्खं पुस्तक लिहिलं तिनं या एका मूर्खपणावर. जगाला शहाणं करून झालं आणि स्वतः... शी.

"आणि मी आता म्हटलं, मोडून टाक... तर?"

त्यानं झाकण खाली ठेवलं. "म्हणू नकोस. म्हणालीस तर मोडेन मी. तिनं इकडे यायला नोकरी सोडलीय. काल फोनवर विचारत होती, खिडकीशी टेबल ठेवता येईल का म्हणून."

ओठांपर्यंत आलेलं वाक्य होतं. दुसऱ्यांची शेकडो खोडली होती. स्वतःचं हे पहिलंच खोडलं.

"ठेव टेबल खिडकीशी," ती म्हणाली. "उजेड चांगला असतो."

त्यानं शेवटचं पान वाचलं, बराच वेळ. "उत्तर माहीत आहे असं वाटलं तरी दर वेळी नव्यानं वाचा... हे राहू दे. हे खोडू नकोस."

"नाही खोडत."

तो थर्मास उचलून खाली उतरला. ती वर चढू लागली. पावलांचा आवाज खालपर्यंत गेला, दार उघडलं, मिटलं.

पायरी रिकामी आहे हे तिला माहीत होतं. तरी कठड्याला धरून ती थांबली, आणि वळून पाहिलं.