टॉर्चवाला आणि तिसरा मजला

दोन हजार अकरा सालची गोष्ट. एका कचेरीच्या तळमजल्यावर सर्व्हरची खोली होती. बारा महिने गारठा आणि पंख्यांची घरघर. ती वर, तिसऱ्या मजल्यावर बसायची. सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर तिच्या हाती होतं. मेमरी किती, डिस्क किती, हे ते प्रत्येक सर्व्हरलाच विचारून घ्यायचं. पण वीज गेली तर माहिती जपणारी, डिस्कच्या कार्डावरची बॅटरी धड आहे का, हे विचारणं त्याला येत नसे. ते कार्डावरच्या दिव्यावरून बघायला खालचा तंत्रज्ञ होता, तो. रोज सकाळी टॉर्च घेऊन खाली फिरायचा आणि थंडीनं लाल झालेलं नाक घेऊन तिच्या टेबलाशी यायचा.

“खालची मंडळी बरी आहेत, बाईसाहेब. एक जण तेवढा कुरकुरतोय.”

“तुमच्यासारखा?”

“मी कशाला कुरकुरू? मला रोज वर यायला मिळतं...”

ती मान खाली घालून हसायची.

एक दिवस साहेब म्हणाले, “बॅटरीचंही सर्व्हरकडूनच काढून घे. छोटी स्क्रिप्ट लिही. म्हणजे त्याला दुसऱ्या शहरातल्या कचेरीत पाठवता येईल.”

तो जायला तिला नको होता. पण काम मुद्दाम बिघडवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं लिहिलेला तो छोटा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, चालली. एकेका सर्व्हरनं आपापली बॅटरी सांगितली.

तिच्या मागे उभं राहून त्यानं पडद्याकडे पाहिलं. “झकास झालंय,” तो म्हणाला. मग हळूच, “म्हणजे आता... वर यायचं कारण नाही.”

“एक राहिलंय,” ती घाईनं म्हणाली. “आपण कुठल्या कपाटात, कितव्या कप्प्यात आहोत, हे सर्व्हरला कळत नाही. ते डोळ्यांनी बघून प्रत्येक सर्व्हरमधल्या एका फाइलीत लिहून ठेवायला हवं. मग स्क्रिप्ट वाचेल.”

“ते एका दिवसाचं काम आहे.”

“ठाऊक आहे. मीही येते.”

ती पहिल्यांदाच सर्व्हरच्या खोलीत आली. त्यानं आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला. तो टॉर्च धरून कप्पा सांगायचा, ती लॅपटॉपवर लिहायची. घरघर एवढी, की अगदी जवळ येऊनच बोलावं लागे. शेवटचं कपाट आलं... तिची बोटं थांबली.

“जाऊ नका ना,” ती म्हणाली.

“संध्याकाळी तुमच्या आईंना भेटायला येऊ?”

“काय सांगाल आईला?”

“सांगेन — तुमच्या मुलीनं माझं काम बंद पाडलं. आता तिनंच सांभाळावं मला!”

त्यानं ती बदली नाकारली आणि गावातच दुरुस्तीचं दुकान टाकलं. साहेब निवृत्त होऊन नातवंडांत रमले. आई शेवटपर्यंत जावयाचीच बाजू घेत राहिली. सर्व्हरची खोली मोडली, तिथं आता खुर्च्या रचून ठेवतात. आणि ती दोघं? अजूनही दिवे गेले की ती विचारते, “कुठे आहात हो?” तो टॉर्च आपल्याच तोंडावर मारतो.

“इथंच, बाईसाहेब.”