सव्वाअकराची उसळी

आमची पहिली टक्कर झाली ती जिन्याच्या दारात. माझ्या हातात खोकं, त्याच्या हातात पंख्याचा पट्टा... आणि दोघांनाही घाई.

"काय आहे यात?" त्याने खोक्याकडे बघत विचारलं.

"ऐकू न येणारा आवाज पकडायचं यंत्र."

"मग पकडला हे कळतं कसं?"

"पडद्यावर रेघ हलते."

"आई म्हणते, मी न बोलताही फार बोलतो. मला लावून बघा एकदा—"

मला हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तो इमारतीच्या हवेचे पंखे सांभाळणारा मेकॅनिक. मी यंत्र बनवणारी. खांद्याला अडकवून कुठेही न्यावं आणि कानाला न कळणारा अगदी खोल आवाज टिपावा, असं यंत्र. शुक्रवारी चाचणी होती. नापास झालं तर दोन वर्षांचं काम कपाटात जाईल, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच रेघ बिघडली. रोज सव्वाअकराला उगाच उसळायची, पंखे बंद ठेवले तरी. दहा दिवस जीव टांगणीला. तीनदा खोकं उघडलं, नळ्या बदलल्या. घरी मावशी म्हणाली, "नुसती ताटात बोटं फिरवतेस. चित्त कुठंय तुझं?"

निम्मं यंत्रात होतं. उरलेलं निम्मं... जाऊ दे. तो पुन्हा दिसला नव्हता आणि मी त्यावरही चिडले होते.

गुरुवारी मी यंत्र चालू ठेवून, बाहेरून काही होतंय का ते बघायला जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. सव्वाअकराला तो वर आला. केसांवरून हात फिरवला, आमच्या कामाच्या खोलीचं दार वीतभर उघडलं... थांबला... आणि हळूच लावून घेतलं.

"तुम्ही?"

तो दचकला. "पंखा बघायला आलो होतो."

"आत पंखाच नाही."

"माहितेय."

"रोज येता?"

"रोज. तुम्ही पाठमोऱ्या, कामात बुडालेल्या. मग वाटतं — नको."

मी आत डोकावून पडद्यावर पाहिलं, रेघ उसळलेली होती. बंद खोलीचं दार हललं की हवा ढकलली जाते. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. म्हणजे माझ्या यंत्रात काहीच खोट नव्हती. मला आनंदाने रडू येत होतं आणि त्याला चांगलं झापावंसंही वाटत होतं.

"तुमच्यामुळे माझी झोप उडालीय," मी म्हणाले.

"माझीही. तुमच्यामुळेच."

"मग उद्या हेच दार सरांसमोर उघडायचं. आणि आत यायचं."

शुक्रवारी सव्वाअकराला दार उघडलं, रेघ उसळली. सरांनी रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे हे गृहस्थ रोज हेच दार उघडत होते? कशासाठी? अहवालात कारण लिहावं लागेल."

तो लालबुंद. पंखा, पट्टा, असं काहीतरी पुटपुटायला लागला.

"त्यांना मी आवडते, सर," मी म्हणाले. "आणि मलाही ते आवडतात."

सरांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. मग 'यंत्र निर्दोष' एवढंच लिहून त्यांनी सही केली आणि म्हणाले, "जा दोघं, चहा घेऊन या. माझ्यासाठी थांबू नका."