ताडगावपर्यंत

तो माणूस दारात येऊन उभा राहिला तेव्हा चंचल माईकसमोर पुराची खबर सांगत होती, म्हणून तिने त्याला नुसतं बोटानेच थांबवलं. पर्लकोटा नदीचं पाणी अजून पुलावरून वाहत आहे, कोणी पाण्यात डोंगा घालू नये, कुणाच्या घरी बाळंतीण अडली असेल तर निरोप धाडावा... आधी मराठीत, मग माडियात. रेनकोटवरून निथळणाऱ्या पाण्याचं पायाशी तळं झालं होतं आणि तो तिच्याकडे नवलाने बघत होता. टपरीवरच्या रेडिओतून रोज ऐकलेला आवाज या एवढ्याशा मुलीचा आहे, हे त्याला खरं वाटत नव्हतं.

तिने माईक बंद केल्यावर त्याने विचारलं, "गाणे काऊन बंद केले तुमी? चहाच्या टपरीवर सारे शिव्या देऊन राह्यले."

"मले?"

"नाई... म्हंजे, रेडिओले."

त्याचं नाव निकेश ढोणे. चिमूरचा. नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी गावोगाव कॉम्प्युटर बसवत फिरायचा. भामरागडच्या वसतिगृहातलं काम संपलं आणि त्याच दिवशी पूल बुडाला. आता पाणी उतरेपर्यंत करायला काही नव्हतं, आणि टपरीवाल्याने सांगितलं होतं की रेडिओच्या बाईचा कॉम्प्युटर बिघडला आहे.

बाई हा शब्द चंचलला जरा लागला. ती चामोर्शीकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. एका संस्थेने भामरागडात हा छोटा रेडिओ सुरू केला, तेव्हा ती इथे आली आणि माडिया शिकली. सोबत काम करणारी दीपाली सणाला घरी गेली ती पुरापलीकडे अडकली. आता चंचल दिवसभर एकटीच बोलायची. तिचा आवाज कितीतरी घरांच्या पडव्यांमध्ये जायचा, पण परत तिच्याशी कोणी बोलत नसे. कधी कधी खोलीवर गेल्यावर ती उगाच रिकामं भांडं जमिनीवर आपटायची, काहीतरी वाजावं म्हणून.

झालं होतं असं. कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. त्याने नवी आवृत्ती घेऊ का म्हणून विचारलं आणि तिने हो म्हटलं. निम्मं उतरलं आणि पुराने नेटवर्क गेलं. माईक थेट प्रसारणाच्या यंत्राला जोडलेला असल्यामुळे बोलणं चालू राहिलं, पण साठवलेलं एकही गाणं वाजेना. त्यात रुखमाबाईची गाणी होती. ही म्हातारी गेल्या उन्हाळ्यात वारली. तिचा मुलगा डोमा दर आठवडी बाजाराला जंगलातून चालत यायचा, रेडिओच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा, आईचं एक गाणं ऐकायचा आणि उठून जायचा.

"मागच्या बाजाराले आला तं मी त्याले सांगितलं, मशीन बिमार हाय," चंचल म्हणाली. "तो मले म्हणे, आता माय पुन्हा मेली का?"

निकेशने खुर्ची ओढली.

त्याने काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं आणि खाली ओळीमागून ओळी उमटल्या. तो तिला समजावून सांगू लागला. गाणी जागेवरच आहेत. पण गाणं वाजवणाऱ्या पॅकेजला, म्हणजे सॉफ्टवेअरला, आवाजाच्या फायलींची जुनी लायब्ररी हवी, आणि नवी लायब्ररी अर्धवट येऊन तिच्या जागी बसली आहे. तिला पूर्ण बसवावं, तर ती आणखी एक पॅकेज मागते. ते इथे नाही.

"मंग जबरदस्तीनं बसवा ना," ती म्हणाली.

"बसते जबरदस्तीनं. पन मंग तिसरंच काही तुटते." तो तिच्याकडे वळला. "तुमी साऱ्यांसंगच जबरदस्ती करता का?"

"जे ऐकत नाई त्यांच्यासंग."

तो हसला. पडद्यावर आता प्रश्न आला होता. दुरुस्त करू का? हो की नाही? चंचलने उत्साहाने बटणाकडे हात नेला, आणि त्याने तो वरच्यावर धरला.

"थांबा... आधी वाचा तं, दुरुस्ती म्हणून काय काय काढून टाकतो म्हणते."

तिने वाचलं. त्यात सगळंच होतं. प्रसारणाचं सॉफ्टवेअर, ध्वनिमुद्रणाचं, अगदी पडद्यावरच्या खिडक्यासुद्धा. घर साफ करतो म्हणून भिंतीच पाडायला निघालेला कॉम्प्युटर. तिने श्वास सोडला. त्याने हात सोडला नव्हता. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं आणि त्याने तिचा हात सोडून आपला घाईघाईने की-बोर्डवर ठेवला.

खरी अडचण त्याला दुपारपर्यंत सापडली. मागे कोणी पाहुण्याने आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर बाहेरच्या कुठल्यातरी ठिकाणाहून आणून बसवलं होतं. ते जुन्या लायब्ररीला धरून बसलं होतं, म्हणून नवी नीट बसत नव्हती. ते काढलं की वाट मोकळी होणार होती. पण उरलेली पॅकेजेस आणायला नेटवर्क हवं होतं, आणि ते फक्त गावामागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली, वाऱ्याच्या मर्जीने यायचं.

मग ते दोघं टेकाडावर जाऊ लागले. एकच छत्री, एक मोबाईल आणि चिखलाने ओढून धरलेल्या चपला. एक पॅकेज उतरवायचं, परत यायचं, बसवायचं. ते म्हणायचं, मला अजून एक पाहिजे. पुन्हा टेकाड. फाईल मुंगीच्या पावलाने उतरायची आणि तोवर ते बोलायचे. तो सांगायचा, गावोगावच्या लॉजमध्ये टीव्ही लावूनच झोपतो, आवाज असावा म्हणून. तिने रिकाम्या भांड्याचं सांगितलं नाही... पण मान वळवून त्याच्याकडे बघितलं. छत्री नेहमी तिच्याच बाजूला जास्त कललेली असायची आणि त्याचा एक खांदा ओलाच राहायचा.

बाजाराच्या आदल्या दिवशी, शेवटचं पॅकेज उतरत असताना तिने विचारलं, "एकदमच साऱ्यांची नावं नाई का सांगत तो कॉम्प्युटर? दरवेळेस एकेक काऊन मागते?"

निकेशने मोबाईलवरचं पाणी बाहीने टिपलं.

"सांगते एकदम. एका कमांडमध्ये." मग हळूच, "मीच नाई पुसलं त्याले."

रागवावं असं चंचलला वाटलं, पण राग येईना. खाली नदी तांबडी, फुगलेली पसरली होती.

"मी तुमाले आवडतो का, एवढं सांगा," तो म्हणाला. "बाकी काई नाई."

तिला उत्तर माहीत होतं. पण पुरात अडकलेली माणसं पाणी उतरलं की जातात, हेही तिला माहीत होतं. डॉक्टर गेले, मास्तर गेले, फोटो काढणारे गेले. सगळे जाताना परत येतो म्हणाले होते. ती म्हणाली, "फाईल उतरली वाटते," आणि टेकाड उतरू लागली.

दुसऱ्या दिवशी डोमा आला. निकेशने शेवटची कमांड दिली, ओळी सरसरत गेल्या आणि या वेळी कोणी काही मागितलं नाही. चंचलने गाणं लावलं. रुखमाबाईचा घोगरा, थोडा दमलेला आवाज खोलीत भरला. डोमा भिंतीला टेकून ऐकत राहिला. उठताना मात्र या वेळी तो निकेशजवळ थांबला, त्याच्या ओल्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेला.

त्याच संध्याकाळी पाणी उतरलं. सकाळी पुलावरचा गाळ काढून झाल्यावर आलापल्लीची बस सुटणार होती. निकेश पाठीवर पिशवी घेऊन निरोप द्यायला आला, तेव्हा चंचल माईकवर होती. यावेळी तिने बोट दाखवून थांबवलं नाही. तो थोडा वेळ दारात उभा राहिला. मग बसचा हॉर्न वाजला आणि तो गेला.

तिने पूल उघडल्याची खबर दिली. खिडकीतून तिला बस पुलावर चढताना दिसली. ड्रायव्हर रेडिओ लावतो हे तिला ठाऊक होतं, आणि आपला आवाज वाटेतल्या ताडगावपर्यंतच पोचतो, हेही. तिने गाणं लावायला हात नेला आणि परत घेतला.

"बसमधल्या एका माणसाले सांगाचं हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने तसाच जाऊ दिला. "त्यानं मले एक गोष्ट पुसली होती. मी उत्तर नाई देलं. उत्तर हो हाय. मी इथून कुठी जानार नाई, अन् त्याले काम सोडून ये असंही म्हननार नाई. तो नाई आला तरी... उत्तर तेच राहीन."

मग तिने आपल्या रोजच्या आवाजात औषधांच्या फवारणीची सूचना वाचली.

दुपारचं प्रसारण संपलं. बाहेर टपरीवर लोक तिच्याकडे बघून हसत होते, म्हणून ती चहाला गेली नाही. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटत राहिलं. बस कितीतरी पुढे गेली असेल. त्याने ऐकलं की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

उन्हं कलताना गावातल्या लटारूची प्रवासी जीप ताडगावहून आली. लटारू दारात उभा राहून डोकं खाजवत होता.

"एक पोरगा भेटला होता, ताडगावले," तो म्हणाला. "तिकीट आलापल्लीचं, अन् उतरला तिथीच. म्हणे आवाज तुटून राह्यला, याच्या समोर गेलो तं आयकूच येनार नाई. किराणा दुकानात रेडिओजवळ बसला तो तुमचं सरेपर्यंत बसूनच होता. मंग दुसऱ्या गाडीनं गेला."

चंचल उठून दारापर्यंत आली.

"निरोप देला त्यानं. आयकू आलं म्हणे, सारं. नागपूरचं काम आटपून येतो, दिवस लागतीन, पन येतो. आता हे असं मी तुमाले सांगाचं म्हंजे..." लटारू लाजून जीपकडे बघू लागला.

तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. विचारायला किती काय होतं. तो कसा दिसत होता, येतो म्हणाला ते कशा आवाजात म्हणाला. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"जेवला होता का तो?"

"दुकानातले मुरमुरे खाल्ले बिचाऱ्यानं," लटारू म्हणाला.

लटारू गेला. गाव पुन्हा शांत झालं, खोली पुन्हा रिकामी. संध्याकाळच्या प्रसारणाला अजून अवकाश होता. चंचल खुर्चीत बसली आणि बंद माईकसमोर, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिने त्याचं नाव पहिल्यांदा नुसतंच घेतलं. निकेश.