इथून पुढे माणूस नाही

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो क्रौंच पक्षी होता. ती स्वतःही त्या वेळी क्रौंचच होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती पिल्लांच्या आवारात वाकून उभी होती. आवाराचं फाटक उघडलं आणि दुसरा क्रौंच आत आला – डोक्यापासून घोट्यापर्यंत तसाच पांढरा झोळणा, तोंडावर तशीच जाळी, उजव्या हातात तशीच लाकडी चोच. प्रकल्पाच्या प्रमुख मोठ्या बाई असणार, असं समजून तिनं चोच झुकवून अदबीनं नमस्कार केला. त्यानंही केला. मग तो तिच्या मागे आला, पंखातून मोजपट्टी काढली, तिच्या उजव्या खांद्याचं माप घेतलं, विचारमग्न होऊन चोच दोनदा वाजवली आणि निघून गेला.

आवारात बोलायला बंदी होती, म्हणून बाचाबाची पाऊण तास लांबणीवर पडली.

"कोण तुम्ही?" बाहेर आल्यावर तिनं डोक्यावरचं कापड ओढून काढलं.

"शिंपी." त्यानंही काढलं. आत तिशीतला, घामेजलेला, केस विस्कटलेला आणि अतिशय समाधानी माणूस होता. "हे पोशाख माझ्याच हातचे. तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. बाहीला चुणी पडत होती. पिल्लांना संशय आला असता."

"पिल्लांना चुण्यांतलं काय कळतं?"

"म्हणजे तुम्हाला पिल्लं माहीत नाहीत, नाहीतर चुण्या."

"मी डॉक्टर आहे. पक्ष्यांची."

"मग चुण्या."

तिला राग आला. निदान तिनं तशी नोंद मनात केली.

आता हा झोळण्यांचा प्रकार काय, ते सांगायला हवं. तिथे एके काळी मैलोन् मैल दलदल होती आणि क्रौंच होते. मग शहाण्या माणसांनी चर खणून पाणी काढून दिलं, खालच्या मातीच्या विटा भाजल्या, विटांची गोदामं बांधली आणि गोदामं रिकामी पडल्यावर तिथून निघून गेली. मोठ्या बाईंनी अकरा वर्षं एकच काम केलं – खणलेले चर बुजवले. पाणी परत आलं. पाण्यामागून लव्हाळे आले, लव्हाळ्यांमागून बेडूक आले. क्रौंच आले नाहीत. कारण बोलवायला तिथे एकही उरला नव्हता. शेवटी लांबून अंडी आणली आणि सात पिल्लं निघाली.

क्रौंचाचं पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला पाहतं, ज्याचा आवाज ऐकतं, त्याला आपलं समजतं. माणसांत वाढलं की ते जन्मभर माणसांमागे फिरतं, आणि माणसांमागे फिरणारा पक्षी फार दिवस टिकत नाही. म्हणून चेहरा दाखवायचा नाही, आवाज ऐकवायचा नाही. लाकडी चोचीनं गोगलगाय उचलून दाखवायची, पाण्यात कसं चालायचं ते चालून दाखवायचं. थोडक्यात, एका जिवाला असं वाढवायचं की त्याला तुमचा पत्ताच लागू नये. पगार घेऊन हे काम करणारी माणसं जगात थोडी, आणि आईबाप तर अजिबात नाहीत.

शेडपासून आवारापर्यंत दोनशे पावलांची पायवाट होती. वाटेच्या मध्यावर मोठ्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : *इथून पुढे माणूस नाही.*

शिंपी खरं तर पोशाख पोचवून परत जायचा. पण सतत वाकून एका राखणदाराची कंबर धरली, मोठ्या बाईंनी माणसं मोजली, एक कमी भरला, आणि शिंपी तर आयताच पोशाखात उभा होता.

"आई म्हणते, गिऱ्हाईकं उघडी फिरायची वेळ आली आणि तू पाखरांना अंगरखे शिवत बसलायस," तो दुसऱ्या दिवशी वाटेवर म्हणाला. तो बोलका होता म्हणजे किती, तर श्वास घ्यायचा तो बोलण्याच्या आड येणार नाही अशा बेतानं घ्यायचा. पण पाटी आली की कात्रीनं धागा कापावा तसा गप्प. वाक्य जिथे असेल तिथे.

"डॉक्टर, तुमच्याबद्दल एक गोष्ट कालपासून माझ्या मनात घोळतेय. सांगू की नको... म्हणजे राग येणार नसेल तर... तुमची ती—"

पाटी.

दोन तास ती पिल्लांना गोगलगायी दाखवत राहिली. आपली ती – काय? चाल? नजर? एका पिल्लाला तिनं सलग तीन वेळा तीच गोगलगाय दाखवली. परतताना पाटी ओलांडली आणि त्यानं पुढचा शब्द उचलला :

"—चप्पल उसवलीय. टाच निघेल एखाद दिवशी. द्या इकडे, दोन टाके घालतो."

"एवढंच?"

"का? दुसरं काही उसवलंय?"

तिनं चप्पल दिली. संध्याकाळी परत मिळाली तेव्हा टाके इतके बारीक होते, की ती ते दिव्याखाली धरून बघत बसली. फोनवर आईनं विचारलं, "काय करतेयस?" तेव्हा ती "काही नाही" म्हणाली. ते खरंही होतं.

तिसऱ्या आठवड्यात सातवं पिल्लू आजारी पडलं. त्याला सगळे 'सात'च म्हणत. सात खाईना. चोचीपुढे किडे नाचवले, बेडकाची पिल्लं आणली; त्यानं मान पायांत घातली ती घातलीच. तिसऱ्या दुपारी ती त्याला घेऊन आजारी पिल्लांच्या खोलीत एकटीच बसली होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की स्वतःचाही आवाज ऐकू येऊ नये.

आणि तिनं तोंड उघडलं. पोशाखाच्या आतून, अगदी हळू.

"खा रे सात... ऐक ना. तुला एक सांगते, कुणाला सांगायचं नाही. तो शिंपी आहे ना, तो अर्धं वाक्य टाकून जातो, आणि मी दोन तास ते मनात शिवत बसते. कधी बाही लांब होते, कधी आखूड... डॉक्टर आहे मी, मला शोभतं का हे? पण आवडतो मला तो. झालं. सांगितलं. आता तरी खा."

सातनं मान बाहेर काढली. जाळीकडे पाहिलं. आणि किडा खाल्ला.

पहिल्या दिवशी ती चूक होती, दुसऱ्या दिवशी औषध झालं आणि तिसऱ्या दिवशी सवय. चौथ्या दिवशी सात आपणहून खाऊ लागला तेव्हा ती भानावर आली आणि तिनं तोंड शिवून घेतलं. पुढचे दोन महिने कुणाला काही कळलं नाही. पिल्लं उंच झाली, गंजाच्या रंगाची पिसं जाऊन करडी आली, एक दिवस सगळी जमिनीपासून हातभर उचलली गेली आणि स्वतःच दचकली.

सोडण्याच्या आदल्या दिवशी परीक्षा होती. लव्हाळ्यांच्या आडोशाला बसून माणसानं बोलायचं. दूर पळालं ते पिल्लू पास – उद्या त्याच्यासाठी दलदलीकडचं फाटक उघडणार. आवाजाच्या दिशेनं आलं ते नापास. त्याला जन्मभर जाळीच्या आत.

त्या सकाळी वाटेवर शिंपी कधी नव्हे तो गप्प होता. पाटी दहा पावलांवर आली तेव्हा घाईघाईनं म्हणाला, "उद्या फाटक उघडलं की माझं इथलं काम संपलं. परत दुकान, परत आई. म्हणून आजच विचारून टाकतो. डॉक्टर, तुम्ही—"

पाटी.

परीक्षेसाठी आवाज त्याचाच निवडला होता. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याइतका साठा कुणाकडे आहे?" पण तीन महिन्यांत पहिल्यांदाच पाटीच्या आत बोलायची परवानगी मिळाली, आणि गड्याला एक वाक्य सुचेना. शेवटी तो आडोशातून खणखणीत आवाजात म्हणाला, "छाती अडतीस! कंबर चौतीस! बाही तेवीस!" सातही पिल्लं जीव घेऊन आवारातल्या पाण्याकडे पळाली. मोठ्या बाईंनी आडोशात येऊन वहीत सात खुणा केल्या.

ती वहीकडे बघत राहिली. गप्प बसलं तर झालं. सात पास होता. पण उद्या, परवा, कधीतरी शेताच्या बांधावर एखादी बाई आपल्या मुलाला हळूच म्हणेल – खा रे... ऐक ना... आणि सात मान वर करून तिकडे चालू लागेल. त्या बाईच्या शेजारी कुत्रा असेल. नाहीतर विजेची तार.

"बाई," ती कुजबुजली, "परीक्षा अपुरी आहे. सातला माझा आवाज माहीत आहे. आजारी होता तेव्हा... मी बोलले त्याच्याशी. तीन दिवस."

मोठ्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं. "काय बोललात?"

"तसं... खासगी."

"तेच बोला. शब्द न् शब्द. तितक्याच हळू. तरच कळेल." मग शिंप्याकडे वळून, "मास्तर, पोशाख चढवा आणि पाण्याकाठी उभे राहा. माणूस की क्रौंच, ते त्याला निवडू दे."

"बाई, त्यांना जरा लांब—"

"वीस पावलं. नियम आहे."

शिंपी पोशाखात शिरला आणि पाण्याकाठी जाऊन उभा राहिला. वारा पडला होता. अशा हवेत गवताची पात हलली तरी ऐकू येते.

"खा रे सात," ती म्हणाली. "ऐक ना..."

सहा पिल्लं पाण्यात निघाली. सातनं मान वर केली.

"तुला एक सांगते, कुणाला सांगायचं नाही. तो शिंपी आहे ना..."

पाण्याकाठचा पांढरा झोळणा जागच्या जागी ताठ झाला. सातनं आडोशाकडे एक पाऊल टाकलं. आवाज बदलून चालणार नव्हतं. बदलला तर ती सातशी लबाडी झाली असती.

"...तो अर्धं वाक्य टाकून जातो, आणि मी दोन तास ते मनात शिवत बसते..."

दुसरं पाऊल. सात आता इतका जवळ होता, की तिला त्याच्या डोळ्यातला पिवळा गोल दिसला. त्यानं मान तिरकी केली – तीच, पावसातली मान.

"...आवडतो मला तो," ती म्हणाली. "झालं. सांगितलं."

पाण्यातून कुणीतरी हाक मारली. सहांपैकी एक, घोगऱ्या, अर्ध्या फुटलेल्या आवाजात. सात थांबला. आडोशाकडे एकदा पाहिलं, जणू ओळखीचं कुणीतरी आहे पण नाव आठवत नाही. मग वळला, पंख पसरून धावला, पांढऱ्या पोशाखाच्या अंगावरून त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता गेला आणि पाण्यात भावंडांमध्ये उतरला.

तिला आनंद झाला. आणि त्या आनंदात काहीतरी टोचलं – नव्या कपड्यात विसरून राहिलेल्या टाचणीसारखं.

"सात पास," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि वही मिटणार तोच थबकल्या.

पाण्याकाठचा मोठा क्रौंच हलला होता. तो पिल्लांकडे गेला नाही. पाठीत वाकून, चोच पुढे धरून, शिकवलेल्या संथ चालीनं तो सरळ आवाजाच्या दिशेनं येत होता. लव्हाळ्यांपाशी येऊन थांबला. मग त्यानं ती लाकडी चोच अलगद तिच्या उजव्या खांद्यावर टेकवली – अर्धा इंच खाली होता, त्याच खांद्यावर.

मोठ्या बाईंनी वही पुन्हा उघडली. "हा मात्र नापास," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "याला सोडता येणार नाही."

त्यानं एक शब्द काढला नाही. नियम तो नियम. दोघं पायवाटेनं परत निघाली – एकाच्या हातात चोच, दुसरीच्या हातात ती चोच धरलेला हात. पाटी ओलांडली. त्यानं डोक्यावरचं कापड काढलं, दीर्घ श्वास घेतला, सकाळी जिथे तोडलं होतं तिथून पुढे सुरू करायला तोंड उघडलं—

"हो," ती म्हणाली.

"अगं, पण मी अजून विचारलंच नाही!"

"तू आता फक्त गाठ मार. वाक्य माझं शिवून कधीच झालंय."